क्युसेक, फूट आणि विमानाला पाठवलेला निरोप

पावसाळ्यात सांगलीकरांच्या फोनवर दोन प्रकारचे आकडे येतात. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला हा एक, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आली हा दुसरा. पहिला आकडा पाठवणाऱ्याच्या कामाचा असतो आणि दुसरा घेणाऱ्याच्या. पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. मात्र अमुक हजार क्युसेक म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. कारण ते वारणेच्या फुगवट्यावर, मधल्या पावसावर आणि खाली अलमट्टीत काय चालले आहे त्यावर अवलंबून असते, शिवाय सोडलेले पाणी इथवर यायला वेळ लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा निरोपांची वानवा नव्हती. निरोप हातात असूनही तळमजल्यावरचे सामान हललेले नव्हते, अशी घरे गावभागात आमच्याच गल्लीत होती.

हे आठवण्याचे कारण असे की माझी नोकरीची सारी वर्षे अशाच निरोपांमध्ये गेली. मुंबईत एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये मी फ्लाइट डिस्पॅचर होतो. निवृत्तीनंतर सांगलीला परतल्यावर शेजारीपाजारी हमखास विचारतात, "म्हणजे तुम्ही टॉवरवर होता?" नव्हतो. टॉवर आणि रडारवर बसणारे हवाई वाहतूक नियंत्रक सरकारी यंत्रणेचे असतात आणि आकाशातल्या सगळ्याच विमानांमध्ये अंतर राखणे हे त्यांचे काम. डिस्पॅचर हा कंपनीचा माणूस. एसटीच्या भाषेत सांगायचे तर चौकातला वाहतूक पोलीस वेगळा आणि स्टँडवरच्या खिडकीत बसून कोणती गाडी, कोणता चालक, कोणता मार्ग हे बघणारा वाहतूक नियंत्रक वेगळा. डिस्पॅचर या दुसऱ्याच्या जवळचा. फरक इतकाच की गाडी स्टँडबाहेर पडली की एसटीचा नियंत्रक पुढच्या गाडीकडे वळतो, आणि डिस्पॅचरचे काम विमान उतरेपर्यंत संपत नाही.

उड्डाणापूर्वी डिस्पॅचर मार्ग ठरवतो, वरचे वारे आणि हवामान बघतो, विमानातली कोणती यंत्रणा नादुरुस्त असूनही नियमात उडता येते ते तपासतो आणि इंधनाचा हिशेब मांडतो. इंधनाचे खाते बारकाईने भरलेले असते. प्रवासाला लागणारे, अंदाज चुकला तर म्हणून साधारण पाच टक्के जादा, उतरायचे विमानतळ बंद पडले तर पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते, आणि या सगळ्याच्या तळाशी जेट विमानासाठी ३० मिनिटांचे अंतिम राखीव इंधन, ज्याला एरवी हात लावायचा नसतो. हा सगळा आराखडा कॅप्टनपुढे जातो. तो त्यात बदल सुचवू शकतो, जास्त इंधन मागू शकतो, नाकारूही शकतो. भारतात डिस्पॅचरला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. अमेरिकेत तर उड्डाण सुरू करणे, लांबवणे आणि आराखडा आखणे यांसाठी कॅप्टन आणि डिस्पॅचर हे दोघे कायद्याने संयुक्तपणे जबाबदार असतात. एकाची संमती नसेल तर विमान निघत नाही.

ही व्यवस्था सहजासहजी आलेली नाही. ६ मे १९३५ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे डीसी-२ जातीचे विमान मिसूरी राज्यात कोसळले आणि मृतांमध्ये ब्रॉन्सन कटिंग नावाचे सेनेटर होते. कॅन्सस सिटीला हवा बिघडलेली, इंधन संपत आलेले आणि विमानाचा रेडिओ रात्रीच्या फ्रीक्वेन्सीवर नीट चालत नव्हता. जमिनीवर बसलेल्यांना जे समजले होते ते वर पोहोचवणे आणि वरच्यांची अडचण खाली येणे, दोन्ही वाटा अडल्या होत्या. त्यानंतरच्या चौकश्यांमधून १९३८ चा नागरी हवाई कायदा आला आणि त्याच्या छत्राखाली डिस्पॅचर हा परवानाधारक व्यवसाय उभा राहिला. थोडक्यात, या पेशाचे मूळच दळणवळण तुटण्यात आहे. पुढची नऊ दशके रेडिओ सुधारत गेले. तुटण्याची जागा मात्र यंत्राकडून माणसाकडे सरकली.

ती जागा कुठे सापडते, ते उड्डाणाआधीच्या कागदांपासून बघू. कॅप्टनच्या हातात पडणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात, किंवा आता टॅबलेटवरच्या फाइलमध्ये, हवामानाचे सांकेतिक अहवाल असतात आणि नोटॅम असतात. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना: कुठली धावपट्टी बंद आहे, कुठला दिवा गेला आहे, कुठे क्रेन उभी आहे. या सूचना सुटसुटीत नसतात. सगळी वेळ ग्रीनिचची असते, जिला आम्ही झुलू म्हणतो, आणि तारीख व वेळ दहा अंकांच्या एका सलग ओळीत लिहिलेली असते. धावपट्टी १५ जूनला १९३० पासून, म्हणजे झुलू संध्याकाळी साडेसातपासून बंद, असे त्यात वाचले तर आपल्या घड्याळाप्रमाणे ते १६ जूनचे पहाटेचे १ वाजलेले असतात. आमच्याकडे नवीन आलेला एक मुलगा यावर हटकून अडखळायचा. साडेपाच तास मिळवायला तो कधीच विसरायचा नाही. विसरायचा तो फक्त तारीख पुढे ढकलायला. रात्रपाळीच्या तिसऱ्या तासाला ही चूक कोणाचीही होते, माझीही झाली आहे, सुदैवाने शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ती पकडली.

कागदात माहिती आहे याचा अर्थ ती पोहोचली असा होत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण ७ जुलै २०१७ च्या रात्रीचे सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान उतरायला आले. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावीकडची त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना उजवीकडच्या पट्टीवर उतरायचे होते, परंतु दोन पट्ट्यांची जोडी दिसेल या अपेक्षेने त्यांनी दिवे लागलेली पट्टीच डावी धरली आणि तिच्या उजवीकडच्या टॅक्सीवेला, म्हणजे विमाने जमिनीवरून धावपट्टीकडे जातात त्या रस्त्याला, आपली धावपट्टी समजून ते खाली येऊ लागले. त्या टॅक्सीवेवर प्रवाशांनी भरलेली चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी होती. विमान जमिनीपासून साधारण ६० फुटांवर आल्यानंतर वर उचलले गेले. डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांकडे होती. २७ पानांच्या गठ्ठ्यात, आठव्या पानावर. शिवाय उड्डाणादरम्यानही ती विमानात आली होती. चौकशीनंतर अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी नोटॅमच्या या भाराला कचरा म्हटले. शब्द कडक आहे, पण गठ्ठा बांधणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला मी तो नाकारू शकत नाही. गठ्ठ्यातले एखादे पान कमी केले आणि नेमके तेच लागले तर, या भीतीने आम्ही काहीच कमी करत नसू. त्यामुळे आमची बाजू सुरक्षित होत होती आणि वाचणाऱ्याची जोखीम वाढत होती.

विमान उडाल्यावरचे दळणवळण वेगळ्या जातीचे असते. व्हीएचएफ रेडिओ दृष्टीच्या रेषेत चालतो. ३५ हजार फुटांवरच्या विमानाला तो साधारण चारशे किलोमीटरपर्यंत गाठतो, त्यापलीकडे समुद्रावर दूर पल्ल्याचा एचएफ रेडिओ किंवा उपग्रह. कंपनीचा बहुतेक संवाद मात्र एकार्स या यंत्रणेवरून लिखित स्वरूपात होतो. १९७८ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था म्हणजे विमानाचा एसएमएसच. एका खंडात जेमतेम २२० अक्षरे बसतात. कॉकपिटमध्ये घंटीसारखा आवाज होतो आणि पडद्यावर, किंवा दोन सीटच्या मधल्या छोट्या प्रिंटरमधून, निरोप उमटतो. अक्षरे मोजून लिहिण्याच्या सवयीने डिस्पॅचर संक्षेपांत बोलायला शिकतो, आणि संक्षेपात गाळलेली गोष्ट वाचणारा आपल्या मनाने भरून काढतो.

माझ्या हातून हे कसे घडले ते सांगतो. जुलैमधली रात्र होती. आखाती देशातून मुंबईकडे येणारे आमचे एक विमान अरबी समुद्रावर होते आणि मुंबईत मुसळधार पावसाने दृश्यमानता खाली-वर होत होती. पर्यायी विमानतळ अहमदाबाद. मी तिथला ताजा हवामान अहवाल बघितला, ढग उंच, वारा मंद, आणि विमानाला लिहिले, 'अहमदाबाद ओके'. कॅप्टनने पोचपावती दिली. पाऊण तासाने तो मुंबईच्या बाहेर होल्डिंगमध्ये घिरट्या घालत असताना त्याने विचारले, "अहमदाबादला बे मिळेल ना?" तोपर्यंत मुंबईची सात-आठ विमाने तिकडे वळली होती आणि पार्किंगच्या जागा भरत आल्या होत्या. मी ओके लिहिले ते हवामानापुरते. त्याने वाचले ते सगळ्या अर्थांनी, म्हणजे हवामान ठीक, जागा ठीक, इंधनाचा ट्रक ठीक. त्याच्या जागी मी असतो तर मीही तसेच वाचले असते. मी धावपळ करून नागपूरचा आकडा काढला, पण तेवढ्यात मुंबईची हवा उघडली आणि ते विमान राखीव इंधनाला धक्का न लावता उतरले. कुणाला काही झाले नाही म्हणून या प्रसंगाचा अहवाल फार मोठा झाला नाही. त्या निरोपाची छापील प्रत मी बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

त्या 'ओके'त एक दुसराही दोष होता, आणि तो पुरासारखाच आहे: निरोप पाठवताना खरा होता, वापरताना जुना झाला होता. याचे कठोर रूप १ जून १९९९ रोजी अमेरिकेत लिटल रॉक येथे दिसले. अमेरिकन एअरलाइन्सचे १४२० क्रमांकाचे विमान डॅलसहून दोन तासांहून अधिक उशिराने, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी निघाले. थोड्याच वेळाने डिस्पॅचरने एकार्सवर कळवले की रडारवर लिटल रॉकच्या दोन्ही अंगांना गडगडाटी ढग आहेत, मधली वाट मोकळी आहे, बोलिंगच्या खेळातल्या लांब चिंचोळ्या पट्टीसारखी. ढग शहराकडे सरकत आहेत तेव्हा जमल्यास लवकर पोहोचावे. त्या क्षणी डिस्पॅचरच्या पडद्यावर जे होते ते त्याने प्रामाणिकपणे सांगितले. उपमाही चपखल होती. पण उपमेचा एक गुण असा की ती डोक्यात राहते आणि चित्र बदलले तरी हलत नाही. वैमानिकांनी ती वाट उचलून धरली. तासाभराने ते तिथे पोहोचले तेव्हा वादळ विमानतळावर आलेले होते, वारा फिरत होता, पाऊस कोसळत होता. विमान उतरले, ओल्या धावपट्टीच्या टोकापलीकडे घसरत गेले आणि कॅप्टनसह ११ जण मृत्युमुखी पडले. चौकशीने मुख्य कारण वैमानिकांच्या बाजूला ठेवले: वादळ आलेले असताना उतरणे सोडून न देणे आणि पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उतरल्यावर विमानाला थांबायला मदत करणाऱ्या फळ्या, उघडले की नाही याची खात्री न करणे. मला त्यावर हरकत नाही. तरीही डिस्पॅचरच्या खुर्चीतून मी तो निरोप पुन्हा वाचतो तेव्हा त्यातली एक जागा रिकामी दिसते. लवकर पोहोचा असे त्यात आहे. अमुक वेळेपर्यंत पोहोचला नाहीत तर वाट बंद समजा, असे नाही. क्युसेक कळवले, फूट कळवले नाहीत.

काही वेळा निरोप द्यायची वाटच वापरली जात नाही. २५ जानेवारी १९९० ची आविआंका ५२ ची गोष्ट वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील गैरसमजाची म्हणून सगळीकडे सांगितली जाते. कोलंबियाहून न्यू यॉर्कला येणाऱ्या या बोइंग ७०७ ला खराब हवेमुळे तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटे घिरट्या घालायला लावले. पहिल्यांदा उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितले की आपण आणीबाणीत आहोत हे कळव. सहवैमानिकाने नियंत्रकाला कळवले ते इंधन संपत चालले आहे एवढेच. कॅप्टनने पुन्हा विचारले तेव्हा त्याने सांगितले, हो, कळवले आहे. पुढे नियंत्रकाने नवी दिशा देताना, हे तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना, असे विचारले आणि उत्तर आले ते साधारण 'चालेल असे वाटते' अशा अर्थाचे. साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्याकडे 'बघू की' या दोन शब्दांत होकार, नकार आणि संकोच हे तिन्ही मावतात, आणि कोणता घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. नियमाप्रमाणे मेडे हा आणीबाणीचा शब्द उच्चारला असता तर सगळ्या रांगेतून त्यांना पुढे काढले गेले असते. विमान लाँग आयलंडवर कोसळले, १५८ पैकी ७३ जण गेले, आणि इंधनच नसल्यामुळे आग लागली नाही.

या प्रकरणाच्या चौकशी अहवालातील एक वाक्य डिस्पॅचर वगळता फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. एनटीएसबीने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत असेही नोंदवले की वर्दळीच्या विमानतळावर, खराब हवेत, आंतरराष्ट्रीय उड्डाण करत असताना वैमानिकांनी कंपनीच्या डिस्पॅच यंत्रणेची मदत घेतलीच नाही. नियंत्रकापुढे त्या रात्री डझनावारी विमाने होती आणि प्रत्येकाच्या टाकीत किती इंधन आहे हे त्याला माहीत असणे शक्य नव्हते. डिस्पॅचरला ते माहीत असू शकते, कारण हिशेब त्याच्याच टेबलावर मांडलेला असतो. तीन घिरट्यांपैकी दुसरीच्या शेवटी कोणीतरी जमिनीवरून विचारले असते की बॉस्टनला जाण्याइतके अजून उरले आहे का, तर उत्तर काहीही आले असते तरी तो प्रश्न तरी उच्चारला गेला असता. प्रत्यक्षात पर्यायी विमानतळाबद्दल विचारणा झाली तेव्हा, बॉस्टन होते पण आता ते जमणार नाही, असे उत्तर आले. पुढे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत 'मिनिमम फ्युएल' आणि 'मेडे फ्युएल' या दोन घोषणांचे अर्थ बांधून देण्यात आले: पहिल्यात, आता आणखी उशीर झाला तर अंतिम राखीव इंधनाला हात लागेल, दुसऱ्यात, तो लागणारच आहे. 'बघू की'ला तिथे जागा ठेवलेली नाही.

याच्या उलट, डिस्पॅचर बोलतो आणि त्याचे बोलणे दडपणासारखे ऐकू येते, असेही होते. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीकडचे स्टॅबिलायझर, म्हणजे विमानाचा समतोल राखणारा आडवा पंख, जाम झाले. मेक्सिकोतून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा कॅप्टन लॉस एंजेलिसला उतरायचे म्हणत होता. कंपनीच्या डिस्पॅचने, सुरक्षेसाठी उतरायचे तर अवश्य उतरा, असे सांगितलेच. पण त्याच दमात लॉस एंजेलिसहून पुन्हा निघायला तास-दीड तास लागेल, वाहतुकीचे नियमन चालू आहे, हेही सांगितले. कॅप्टनला हे खटकले. चांगली विमानतळे ओलांडून पुढे जायची चिंता असताना वेळापत्रकाचे कारण ऐकायचे नव्हते, असे त्याने बोलून दाखवले. विमानातील सर्व ८८ जण त्या दुपारी गेले. अपघाताचे कारण ते संभाषण नव्हते; स्टॅबिलायझरच्या स्क्रूला पुरेसे वंगण न मिळाल्याने नटाचे आटे झिजून गेले होते, ती देखभालीतली चूक. तरी 'अवश्य उतरा, पण' हे वाक्य मी कितीतरी वेळा उच्चारले आहे, म्हणून मला ते टोचते. डिस्पॅचरच्या मनात ती निव्वळ माहिती असते. बिघडलेले विमान हातात धरून बसलेल्या माणसाला 'पण'च्या आधीचे काहीच ऐकू जात नाही.

इथे डिस्पॅचरचीही बाजू मांडायला हवी. कॅप्टनकडे एक विमान असते, डिस्पॅचरकडे अनेक. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी युनायटेड एअरलाइन्सचे डिस्पॅचर एड बॅलिंजर यांच्याकडे देशाच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाणारी १६ विमाने होती. दोन विमाने न्यू यॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळल्याचे कळल्यावर त्यांनी आपल्या विमानांना एकामागून एक निरोप पाठवायला घेतले: कॉकपिटमध्ये घुसखोरी होऊ शकते, सावध राहा, दोन विमाने वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळली आहेत. उड्डाण ९३ ला तो ९ वाजून २४ मिनिटांना मिळाला. दोन मिनिटांनी कॅप्टन जेसन डाल यांचे उत्तर आले की शेवटच्या निरोपाची खात्री करून सांगा. ९ वाजून २८ मिनिटांना अपहरणकर्त्यांनी कॉकपिटवर हल्ला केला. निरोप नेमका होता, ठिकाणावर पोहोचला, वाचला गेला. पण जे कधीच घडलेले नाही ते चार ओळींत वाचून कोणीही आधी खात्रीच मागेल. विश्वास बसायला जो वेळ लागतो तो कुठल्याही यंत्रणेच्या वेगात धरलेला नसतो.

आणि डिस्पॅचरचा पडदाही फसवतो. ८ मार्च २०१४ च्या पहाटे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० रडारवरून नाहीसे झाल्यावर नियंत्रकांनी कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाने विमान कंबोडियाच्या हद्दीत असल्याचे आणि त्याची स्थाने कळवली. दीड-एक तासाने उलगडले की पडद्यावरचे ते चिन्ह विमानाकडून येणाऱ्या माहितीवर हलत नव्हते. आराखड्याप्रमाणे विमान आता कुठे असायला हवे, तो अंदाज ते दाखवत होते. पडद्यावर बाण सरकत असला की माणूस त्याला विमानच समजतो. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कंपन्यांना समुद्रावरच्या विमानांचे स्थान किमान दर १५ मिनिटांनी मिळण्याची व्यवस्था २०१८ पासून ठेवावी लागते.

उपाय म्हणून जे केले जाते त्यातले बरेचसे साधे आहे. तोंडी निरोप परत वाचून दाखवायचा, १० हजार फुटांखाली वैमानिक कामात गुंतलेले असताना अनावश्यक निरोप पाठवायचा नाही, पाळी बदलताना प्रत्येक विमानाबद्दल पुढच्या माणसाला बोलून सांगायचे. अमेरिकेत १९९५ पासून डिस्पॅचरांसाठी वैमानिकांच्या धर्तीवर सहकार्याचे प्रशिक्षणही मार्गदर्शक रूपात आले. टॅबलेटमुळे आता दोघांना एकच रडारचित्र बघता येऊ लागले आहे, आणि ही गोष्ट २२० अक्षरांच्या कित्येक पिढ्यांपेक्षा मोलाची आहे असे मला वाटते.

पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त शिकवले ते एका जुन्या नियमाने. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार डिस्पॅचरने बारा महिन्यांत निदान एकदा, ज्या भागातली विमाने तो सांभाळतो त्या भागात, कॉकपिटमध्ये बसून प्रवास केलेला असावा लागतो. अमेरिकेत वर्षाला किमान पाच तास. वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिला जंपसीट म्हणतात. 'अहमदाबाद ओके'नंतरच्या वर्षी मी तिच्यावर बसून दिल्लीहून मुंबईला येत होतो. पावसाळाच होता. उतरायला सुरुवात झाली आणि रेडिओवर नियंत्रकांच्या सूचना एकात एक मिसळून येऊ लागल्या. सहवैमानिक आकडे भरत होता, कॅप्टन ढगांमधून वाट बघत होता, आणि तेवढ्यात घंटी वाजून प्रिंटरमधून कागदाची पट्टी बाहेर आली. निरोप आमच्याच ऑफिसातून होता; मी सुट्टीवर असताना माझ्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याने पाठवलेला. कॅप्टनने एका हाताने पट्टी फाडली, वरची ओळ वाचली आणि ती समोरच्या क्लिपमध्ये खोचली. क्लिपमध्ये बसावी म्हणून ती मधोमध दुमडली गेली. मागून वाकून मी वाचले. वरच्या ओळीत विमानाचा क्रमांक, तारीख, झुलू वेळ आणि नमस्कार होता. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पाणी साचल्याचे खालच्या अर्ध्यात होते. मी कॅप्टनच्या खांद्याला हात लावून तेवढे सांगितले. परत ड्यूटीवर गेल्यावर मी आमच्या निरोपांच्या साच्यातून नमस्कार काढून टाकला. क्रमांक, तारीख आणि वेळ यंत्र आपोआप छापत होते, त्यामुळे त्याच्या लगेच खाली काय लिहायचे, यावर आमच्या पाळीत तीन दिवस वाद चालला होता.